फोन आपला, किल्ली कोणाची?



गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला आहे. "ऑफिसच्या कामाला कोणतं ॲप चांगलं?" पतसंस्थेत कारकुनी करणाऱ्या, शाळेच्या कार्यालयात बसणाऱ्या, विम्याचं काम करणाऱ्या, बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या आणि यजमानांच्या दुकानाची वही बघणाऱ्या (म्हणजे बिनपगारी कारकून!) अशा साऱ्याजणी हे विचारतात. माझं काम म्हणाल तर एका मध्यम आकाराच्या कचेरीतले संगणक, फोन, पासवर्ड आणि त्यांवरून होणारी भांडणं सांभाळण्याचं. कागदोपत्री मी सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर. प्रत्यक्षात "त्या कॉम्प्युटरवाल्या बाई". तेव्हा उत्तर द्यायला हरकत नाही. पण आधीच सांगून टाकते, माझी मतं जराशी तिखट आहेत.

कुकर कोणत्या कंपनीचा, यापेक्षा त्याचा व्हॉल्व्ह धड आहे ना हे आपण आधी बघतो की नाही? ॲपचंही मी तसंच बघते. उद्या हा फोन हरवला तर काम किती उरेल? आणि याची किल्ली नेमकी कोणाच्या हातात आहे? एवढं कळलं की मग ॲप कोणतंही घ्या.

आता व्हॉट्सॲपच पाहा. मी त्याच्यावर डूख धरून आहे, असं आमच्या ऑफिसात सगळे समजतात. तसं मुळीच नाही. निरोप पोचवायला इतकं सोपं साधन दुसरं नाही. माझी तक्रार आहे ती त्याचं कपाट करण्याबद्दल. पावती आली, टाक ग्रुपवर. ठरावाची प्रत, टाक ग्रुपवर. मग तीन महिन्यांनी ऑडिटर येतो आणि साऱ्याजणी "शुभ सकाळ"च्या फुलांखालून ती पावती उपसत बसतात. सापडलीच तर फाइल उतरत नाही, कारण जुनी फाइल तुम्ही वेळेवर उतरवून घेतली नसेल तर ती पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवावी लागते. फोटो म्हणून पाठवलेल्या कागदावरचे बारीक आकडेही पुसट होतात. तोच कागद "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ. आणि त्या तीन-तीन मिनिटांच्या बोलक्या निरोपांबद्दल तर काय बोलावं! घरी मावशीला पाठवा, खुशाल. ऑफिसात मात्र दोन ओळी लिहा, कारण आवाजातली रक्कम नंतर शोधून सापडत नाही.

हे सारं वरवरचं झालं. खरं दुखणं कुठे असतं ते माझ्या माहितीतल्या एका बचत गटावरून सांगते. दहा बायकांचा गट. कोषाध्यक्ष बाई हुशार, हिशेबाला चोख. वही भरायला वेळ होत नाही म्हणून त्या सगळे हप्ते व्हॉट्सॲपवर स्वतःलाच लिहून ठेवायच्या. महिनाअखेरीस वहीत उतरवू म्हणता म्हणता चार महिने गेले आणि एक दिवस फोन धुण्याच्या बादलीत पडला. नवा फोन आला, नंबर तोच होता. जुने निरोप बॅकअपमध्ये होते आणि बॅकअप होता गुगलच्या खात्यात. ते खातं मात्र फोन घेताना दुकानातल्या मुलाने काढून दिलेलं! त्याने कोणता पासवर्ड घातला ते त्यालाही आठवेना. विसरल्यास कोणत्या नंबरावर विचारायचं, तिथे त्याने दुकानाचा नंबर टाकून ठेवला होता आणि तो नंबर केव्हाच बंद झालेला. चार महिन्यांचे आकडे गेले ते गेलेच. रक्कम काही मोठी नव्हती. पण "माझे दोन हप्ते लिहिलेच नाहीत" या एका वाक्यावरून शेजारच्या दोन घरांतलं हळदीकुंकू बंद झालं, ते आजतागायत बंद आहे.

म्हणून हा अंक खाली ठेवायच्या आधी एक काम करा. फोनच्या सेटिंग्जमध्ये "गुगल" असं लिहिलेलं सापडेल. तिथे तुमचं खातं कोणत्या पत्त्याचं आहे ते पाहा. तो पत्ता तुम्हाला पाठ आहे का? पासवर्ड ठाऊक आहे का? रिकव्हरीसाठी नंबर कोणाचा दिला आहे? तीनपैकी एकाचंही उत्तर "दुकानदाराला माहीत" असं असेल, तर आज फोन चालू आहे तोवरच ते बदलून घ्या. फोन बिघडल्यावर मी काय, कोणीच फारसं काही करू शकत नाही. एखादं जुनं खातं कधी उघडतच नसाल, तर तेही अधूनमधून उघडा. डिसेंबर २०२३ पासून गुगल दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकू लागलं आहे, आतल्या फोटोंसकट.

आता जरा नाजूक विषय. पुष्कळजणींचे बँकेचे, गॅसचे, पगाराचे सगळे ओटीपी यजमानांच्या नंबरवर जातात. यात अविश्वासाचा प्रश्न नाही, खरंच नाही. पण ते दौऱ्यावर असतात, मीटिंगमध्ये असतात, आणि तुम्ही काउंटरवर "अहो, नंबर सांगता का" करत उभ्या असता. इथवर ठीक, हसून सोडून देऊ. एका भगिनीने मात्र लिहिलं आहे की यजमान अचानक गेले, त्या दुःखात फोनचा रिचार्ज कोणाला सुचणार? सिम बंद पडलं, आणि पगाराचं खातं, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, विमा, सारं त्या नंबरला बांधलेलं. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊन टाकते, हे कितीजणींना माहीत असेल? तुमच्या कामाचा, तुमच्या खात्याचा नंबर तुमच्या नावावरच हवा, यावर माझं मत ठाम आहे. सासूबाईंना, यजमानांना नीट समजावून सांगा. आपल्या नावावर नेमकी किती सिमकार्डं आहेत ते सरकारच्या "संचार साथी" या संकेतस्थळावर पाहता येतं. हरवलेला फोन बंद करायची सोयही तिथेच आहे.

"मला नाही हो हे जमत," असं पुष्कळजणी लिहितात. मला हे वाक्य आवडत नाही. २०२१ सालची गोष्ट घ्या. पोषणाच्या नोंदीसाठी केंद्र सरकारने "पोषण ट्रॅकर" हे ॲप आणलं. अंगणवाडी सेविकांना शासनाने दिलेले फोन जुने, स्मृती कमी, त्यावर ॲप धड चालेना. त्यात सगळं इंग्रजीत. ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी ते फोन सरळ परत करून टाकले. मी तर म्हणते, त्यांनी केलं ते माझ्या धंद्यातल्या एखाद्या तज्ज्ञालाही शोभलं असतं. साधन कामाला येत नसेल तर ते देणाऱ्याला स्पष्ट सांगावं. ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलं आणि पाच बायकांना एकाच ठिकाणी अडायला झालं, तर दोष त्या सॉफ्टवेअरचा असतो, हे मी पगार घेऊन सांगते आहे.

एक्सेलवर माझा जीव आहे. १९८५ सालापासून ते टिकून आहे, आणि दरम्यान किती साधनं आली-गेली! ज्या स्काइपवरून आपण परदेशातल्या लेकींची बाळंतपणं निभावली ते मे २०२५ मध्ये बंदसुद्धा झालं. पण एक्सेलची एक खोड सांगायलाच हवी. ते पंधरा आकड्यांपुढे मोजत नाही. काही बँकांचे खाते क्रमांक सोळा आकडी असतात. असा क्रमांक तुम्ही टाकलात की शेवटचा आकडा गुपचूप शून्य होतो! पगाराच्या यादीत असं झालं तर पैसे अडकलेच म्हणून समजा. बारा आकडी आधार क्रमांकाचंही ते कधी कधी भलतंच काहीतरी करून दाखवतं, आणि सुरुवातीचं शून्य तर खाऊनच टाकतं. उपाय सोपा आहे. आकडे टाकण्याआधी तो रकाना "टेक्स्ट" करून घ्यायचा, किंवा आकड्याच्या आधी एक स्वल्पविरामासारखी वरची खूण द्यायची. झालं काम.

हे आपल्याकडेच घडतं असं समजू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये, ऐन कोविडच्या दिवसांत, इंग्लंडच्या आरोग्य खात्यात जवळजवळ १६,००० रुग्णांची नावं वेळेवर पुढे गेलीच नाहीत. कारण? माहिती एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये भरली जात होती. त्या फाइलला ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. उरलेली माहिती नुसती गळून पडली आणि त्या रुग्णांच्या सहवासात कोण आलं याची चौकशी लांबली. तेव्हा एखाद्या यादीतून चार नावं गळली म्हणून साहेब ओरडले, तर आधी फाइलची जात तपासा. तुमची चूक असेलच असं नाही. एकच यादी तिघी-चौघी भरत असाल तर मात्र गुगल शीट्स वापरा. त्यात कोणी काय पुसलं ते मागे जाऊन पाहता येतं, आणि परतही आणता येतं. हे समजल्यापासून आमच्याकडची निम्मी भांडणं थांबली.

पासवर्डबद्दल लोक माझ्याकडून फार कडक बोलण्याची अपेक्षा करतात. ठरावीक काळाने बदला, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह... हा नियम आला कुठून माहीत आहे? अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेसाठी बिल बर या गृहस्थांनी २००३ साली तो लिहिला, आणि २०१७ साली त्यांनीच जाहीरपणे म्हटलं की, लिहिलं त्याचा पस्तावा होतो. संस्थेनेही त्याच वर्षी नियम बदलले. माणसं कंटाळून शेवटचा आकडा तेवढा वाढवतात, त्याने काय साधणार? त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या: पाटा, रेल्वे, कारलं, छत्री, असे. लांब असावा, एवढंच पाहायचं. (हेच चार शब्द घेऊ नका बरं का, ते आता छापून आले!) आणि पासवर्ड वहीत लिहून ती वही कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली ठेवलीत तर माझी काहीच हरकत नाही. घरात चोर शिरलाच तर तो वही वाचत बसणार नाही. संगणकाच्या पडद्यावर चिकटवलेली चिठ्ठी मात्र मी स्वतः फाडते.

एक साधन असं आहे की जे मी रोज वापरते आणि तुम्ही फोनवर ठेवूच नये असं माझं म्हणणं आहे. एनीडेस्कसारखी ॲप्स. दुसऱ्या गावच्या शाखेतला संगणक मी इथे बसून त्याने दुरुस्त करते. पण त्याचा अर्थच हा की लांबच्या माणसाला तुमचा पडदा दिसतो, कधी कधी चालवताही येतो. "बँकेतून बोलतोय, केवायसी संपलंय, एवढं ॲप टाका" असं कोणी म्हणालं की फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच याबद्दल सावध केलं होतं, तरी पैसे जातच आहेत. लग्नाच्या पत्रिकेच्या नावाने एखादी फाइल आली आणि तिच्या शेवटी एपीके अशी अक्षरं असतील, तर ती पत्रिका नव्हे. भाचीच्या लग्नाची असली तरी आधी वहिनींना फोन करून विचारा. आणि पैसे गेलेच तर रडत बसू नका, लाजू तर मुळीच नका. ताबडतोब १९३० हा नंबर फिरवा. जितकं लवकर कळवाल तितके पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.

वहीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक एकदम बसले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. विमानं हातच्या लेखणीवर उडू शकतात, तर महिन्यातून एकदा हिशेबाचं एक पान छापून फाइलला लावायला आपल्याला काय झालं? माझ्या वरिष्ठांना हे मागासलेपण वाटतं. वाटू दे.

शेवटी एका शिक्षिकेचं पत्र. ऑफिसचे ग्रुप आणि घरचे ग्रुप एकाच नंबरवर असल्याने रात्री जेवायला वाढतानाही मुख्याध्यापकांचे निरोप येतात, काय करू, असं त्या विचारतात. बाई, स्वस्तातलं दुसरं सिम घ्या, तुमच्याच नावावर. २०२३ पासून व्हॉट्सॲपची दोन खाती एकाच फोनवर ठेवता येतात. शाळेचे सगळे ग्रुप दुसऱ्या नंबरवर न्या, सगळ्यांना तसं एकदा कळवा, आणि त्या खात्याच्या सूचना रात्री आठला बंद करत चला. आमच्याकडे दोघीजणींनी हे सहा महिन्यांपूर्वी केलं. साहेबांना आता उत्तरं सकाळी दहाला मिळतात. त्यांनी अजून तरी तक्रार केलेली नाही.