नदीकाठचे उद्यान नव्याने घडताना: आपले म्हणणे कुठे, केव्हा आणि कसे नोंदवावे?

शहराच्या मध्यभागातील नदीकाठ किंवा तलावाकाठ नव्याने विकसित करण्याची कामे देशातील अनेक शहरांत चालू आहेत. अशा कामाच्या जाहिरातीत ‘लोकसहभागातून आराखडा’ हे शब्द हमखास असतात. पण ज्यांचे पोट त्या काठावर चालते, म्हणजे फेरीवाले, कपडे धुणारे, भंगार-जुना माल विकणारे आणि तिथल्या वस्तीत राहणारी कुटुंबे, त्यांच्यापर्यंत ही बातमी अनेकदा पत्रे ठोकल्यावरच पोहोचते. तोवर आराखडा मंजूर झालेला असतो आणि ठेकेदारही ठरलेला असतो. म्हणूनच या लेखात लोकसहभाग प्रत्यक्षात कुठल्या टप्प्यावर होतो आणि त्यात लाभार्थ्याच्या हाती काय असते, हे समजून घेऊ.

हा विषय आत्ताच का महत्त्वाचा?

२५ जून २०१५ रोजी सुरू झालेले स्मार्ट सिटी अभियान ३१ मार्च २०२५ रोजी संपले. अमृत २.० ही योजना १ ऑक्टोबर २०२१ पासून चालू असून तिच्यात पाणीपुरवठ्याबरोबर जलाशयांचे पुनरुज्जीवन आणि उद्यानेही येतात. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात १ लाख कोटी रुपयांच्या शहरी आव्हान निधीची घोषणा झाली. शहरांचा सर्जनशील पुनर्विकास हा त्याच्या उद्देशांपैकी एक आहे.

या निधीची एक अट नीट समजून घ्या. केंद्र प्रकल्पखर्चाच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम देणार आणि किमान ५० टक्के रक्कम रोखे, बँक कर्ज किंवा खासगी भागीदारीतून उभी करावी लागणार. कर्ज काढले की ते फेडावे लागते. त्यामुळे उद्यानातून उत्पन्न मिळवण्याचा दबाव येतो: वाहनतळाचे शुल्क, प्रवेश तिकीट, खाद्यपदार्थांच्या गाळ्यांचा लिलाव. प्रवेश मोफत राहील का आणि आज तिथे बसणाऱ्या चहावाल्याला उद्या जागा मिळेल का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी या हिशेबात दडलेली असतात. म्हणून झाडे आणि बाके यांच्याइतकाच प्रकल्पाचा उत्पन्नाचा तक्ताही पाहिला पाहिजे.

अहमदाबादचा अनुभव काय सांगतो?

साबरमती नदीकाठ विकास प्रकल्प हे देशातील सर्वांत चर्चेतले उदाहरण आहे. अहमदाबाद महापालिकेने त्यासाठी १९९७ मध्ये स्वतंत्र कंपनी स्थापन केली. प्रत्यक्ष बांधकाम २००५ मध्ये सुरू झाले. दोन्ही काठांवर सुमारे ११ किलोमीटर लांबीचा पट्टा विकसित झाला, भराव घालून सुमारे २०० हेक्टर जमीन निर्माण झाली आणि २०१२ पासून फिरण्याचे मार्ग लोकांसाठी खुले होऊ लागले. नदीत आता नर्मदा कालव्याचे पाणी असते. संध्याकाळी कुटुंबासह फिरायला येणाऱ्यांची तिथे गर्दी असते. मात्र ऑगस्ट २०२२ मध्ये खुल्या झालेल्या अटल पुलावर जायला तिकीट काढावे लागते.

या प्रकल्पात काठावरच्या दोन गटांचे पुढे काय झाले, ते शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे.

पहिला गट रविवारी बाजाराचा, म्हणजेच गुजरी बाजाराचा. या बाजाराची परंपरा सुलतान अहमदशहाच्या काळापासून, १४१४ पासून, सांगितली जाते. १९५४ पासून तो एलिस पुलाजवळ नदीपात्रात भरत असे. आराखड्यामुळे बाजार उठण्याची वेळ आली, तेव्हा विक्रेत्यांची संघटना उच्च न्यायालयात गेली. संघटना आधीपासून होती. सभासदांच्या नोंदी होत्या. भारतीय व्यवस्थापन संस्था आणि राष्ट्रीय डिझाइन संस्था येथील मंडळींनी बाजाराचा अभ्यास करून पर्यायी मांडणी तयार करायला मदत केली. २०१४ मध्ये पूर्व काठावर, जुन्या जागेजवळच, ओटे, झाडे आणि स्वच्छतागृहे असलेला नवा बाजार सुरू झाला. सगळ्यांचे सगळे म्हणणे मान्य झाले असे नाही. पण बाजार नदीकाठीच राहिला.

दुसरा गट काठावरच्या वस्त्यांमधील कुटुंबांचा. हे प्रकरणही २००५ मध्ये उच्च न्यायालयात गेले आणि त्यानंतरच पुनर्वसनाची प्रक्रिया आकाराला आली. तेव्हाच्या जेएनएनयूआरएम योजनेतून बांधलेल्या घरांत १० हजारांहून अधिक कुटुंबे हलवली गेली. पक्के घर मिळाले, हे खरे. पण अनेक घरे वटवा, ओढव अशा दूरच्या भागांत होती. नदीकाठी राहून बाजारपेठेत हमाली, घरकाम किंवा विक्री करणाऱ्याला रोजचे बसभाडे आणि प्रवासाचा वेळ कमाईतून भागवावा लागला. ज्यांच्याकडे ठरलेल्या तारखेच्या आधीचा पुरावा नव्हता, त्यांना पात्रतेसाठीच झगडावे लागले.

दोन्ही गट एकाच नदीवरचे होते आणि दोघेही न्यायालयात गेले. फरक पडला तो तीन गोष्टींनी: संघटना आधीपासून होती का, कागद हाताशी होते का, आणि ‘आम्हाला हटवू नका’ याच्या जोडीला ‘आराखड्यात आम्हाला इथे जागा द्या’ असा ठोस पर्याय मांडला का. घरांच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. बाजाराला आठवड्यातून एक दिवस मोकळी जमीन पुरते. घरांना कायमची आणि महागडी जमीन लागते. त्यामुळे घर काठाजवळच मिळावे ही मागणी फार लवकर मांडावी लागते. जमिनीचा वापर एकदा ठरला की ती पुढे सरकत नाही.

पुण्यात मुळा-मुठेच्या काठावर सुमारे ४४ किलोमीटरचा असाच प्रकल्प चालू आहे. तिथे झाडे, पूररेषा आणि नदीची रुंदी यांवरून नागरिकांनी जोरदार हरकती घेतल्या आहेत. त्या महत्त्वाच्या आहेतच. पण काठावर पोट भरणाऱ्यांचे प्रश्न वेगळे असतात आणि ते त्यांनी स्वतः मांडल्याशिवाय नोंदवले जात नाहीत.

सुनावणी आपोआप होते का?

नाही. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार बांधकाम आणि क्षेत्रविकास गटातील बहुतेक प्रकल्पांना पर्यावरणविषयक जाहीर सुनावणी बंधनकारक नाही. त्यामुळे ‘सुनावणीची नोटीस येईल, मग बघू’ असे म्हणून थांबू नका.

जमिनीचा वापर किंवा आरक्षण बदलायचे असेल, तर नगररचना कायद्याखाली हरकती व सूचना मागवाव्या लागतात. महाराष्ट्रात प्रारूप विकास आराखड्यासाठी ही मुदत ३० दिवसांची आहे. इतर राज्यांत ती वेगळी असू शकते. जाहिरात राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. ती कधी निघणार, याची चौकशी प्रभाग कार्यालयात आणि आपल्या नगरसेवकाकडे करत राहा.

ऑनलाइन सर्वेक्षणाचा अर्ज भरणे चांगले, पण ती कायदेशीर हरकत नव्हे. त्याची पोहोच मिळत नाही आणि उत्तर देण्याचे बंधनही नसते.

फेरीवाल्यांसाठी कायदा काय म्हणतो?

पथविक्रेता अधिनियम २०१४ हा १ मे २०१४ पासून लागू आहे. नदीकाठच्या विक्रेत्यांनी त्यातील पुढील तरतुदी लक्षात ठेवाव्यात:

• सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवता येत नाही.
• स्थलांतर किंवा निष्कासनापूर्वी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते.
• नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असतात आणि त्यांतील एक तृतीयांश महिला असतात.
• ५० वर्षांहून अधिक काळ जिथे व्यवसाय चालतो, असा नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून घोषित करावा आणि तो हलवू नये.
• नव्या पायाभूत प्रकल्पामुळे रोजगाराच्या ज्या संधी तयार होतात, त्यांत विस्थापित विक्रेत्यांना सामावून घ्यावे.

शेवटची तरतूद नदीकाठच्या उद्यानाला थेट लागू पडते. नव्या उद्यानात खाद्यगाळे होणार असतील, तर त्यांत जुन्या विक्रेत्यांना जागा मागणे हा कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतला मुद्दा आहे. अर्जात तिचा स्पष्ट उल्लेख करा.

पीएम स्वनिधी योजनेबद्दल एक खुलासा. ही योजना आता ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली असून पहिले कर्ज १५ हजार, दुसरे २५ हजार आणि तिसरे ५० हजार रुपयांपर्यंत मिळते. पण कर्ज मंजूर झाले म्हणजे जागेचा हक्क मिळाला असे होत नाही. कर्जाची कागदपत्रे तुम्ही विक्रेते असल्याचा आधार म्हणून जोडा. जागेसाठी मात्र विक्री प्रमाणपत्रच मागा.

वस्तीत राहणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका या खटल्यात उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. हटवण्यापूर्वी म्हणणे मांडण्याची संधी मिळावी, हे तत्त्वही त्यात आहे. नोव्हेंबर २०२४ च्या निकालात पाडकामापूर्वी १५ दिवसांच्या नोटिशीचे निर्देश दिले गेले. मात्र रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत. काठावरच्या वस्तीने केवळ या निकालावर विसंबून राहू नये. पुनर्वसनाच्या पात्रता यादीत नाव असणे, हेच पहिले संरक्षण आहे.

आत्ता करण्याची कामे

१. कागद जमवा. मतदार यादीतील नाव, शिधापत्रिका, वीजबिल, दंडाच्या किंवा बाजारशुल्काच्या जुन्या पावत्या, जागेवरचे जुने फोटो. दंडाची पावतीसुद्धा तुम्ही त्या तारखेला तिथे होता, याचा पुरावा ठरते.

२. माहिती मागा. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ खाली सविस्तर प्रकल्प अहवाल, बाधितांची यादी आणि उत्पन्नाचा तक्ता मागा. केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी शुल्क १० रुपये आहे. राज्यांचे नियम पाहून घ्या. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना शुल्क नाही. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. प्रकल्प महापालिकेच्या मालकीच्या कंपनीकडे असला, तरी तिलाही हा कायदा लागू होतो.

३. निविदेपूर्वी बोला. आराखड्याची संकल्पना, सविस्तर अहवाल, निविदा आणि कार्यादेश असा क्रम असतो. पहिल्या दोन टप्प्यांत बदल कागदावर होतो. कार्यादेशानंतर प्रत्येक बदलाचा खर्च वाढतो आणि ‘आता उशीर झाला’ हे उत्तर मिळते.

४. एकत्र आणि लेखी द्या. निवेदन आवक कक्षात देऊन आवक क्रमांक व शिक्का असलेली प्रत ठेवा. बैठक झाली तर इतिवृत्ताची प्रत मागा. बैठक कामाच्या वेळेत असेल, तर ती सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळी, जागेवरच घ्यावी, अशी लेखी विनंती करा.

५. ठोस मागणी करा. किती विक्रेते, कोणत्या वेळी, किती जागा, पाणी व स्वच्छतागृह कुठे, काम चालू असताना तात्पुरती जागा कोणती, हे नकाशावर दाखवा.

६. मोफत विधी सहाय्य घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अल्प उत्पन्न गटातील नागरिक यांना मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे.

नदीकाठ सगळ्या शहराचा असतो. मुलांना खेळायला, म्हाताऱ्यांना बसायला मोकळी जागा हवी, यात दुमत नाही. झोपडीत राहणाऱ्या कुटुंबाला तर अशा मोफत जागेची गरज सर्वांत जास्त असते. प्रश्न आहे तो ही जागा घडवताना कोणाची गणना होते आणि कोणाची नाही, हा. ही गणना सर्वेक्षणाच्या यादीतून होते. आपल्या भागात अशा प्रकल्पाची चर्चा ऐकू आली, तर आधी प्रभाग कार्यालयात जाऊन यादी तयार झाली आहे का आणि तिच्यात आपले नाव आहे का, ते पाहून घ्या.