रविवारचा सक्तीचा आनंद

एका रविवारी सकाळी नऊ वाजता आम्हा पन्नासेक डॉक्टर-मास्तरांना आनंदी होण्यासाठी बोलावलं होतं. हजेरी सक्तीची. दारात आधी सही, मग उप्पीट-शिरा, आणि मग व्यासपीठावर कुठल्याशा मोठ्या शहरातून आलेला, कानाला माइक अडकवलेला एक तरुण. त्यानं प्रत्येकाच्या हातात एकेक फुगा दिला आणि म्हणाला, "तुमचा सगळा ताण यात भरा." शरीरशास्त्राच्या बाई साठीला टेकलेल्या, वर दम्याचा त्रास, पण त्यांनीही इमानदारीनं फुंकर मारली. माझा फुगा जेमतेम अर्धा भरला तोच वॉर्डातून फोन आला. मी उठलो. दारावरच्या क्लार्कनं अडवलं, "सर, मधे गेलात तर सर्टिफिकेट मिळत नाही बघा."

मी परत येऊन बसलो आणि फोनवरूनच ऑर्डरी दिल्या. रुग्ण वाचला, म्हणून आज हे लिहायचं धाडस होतंय.

कॉलेजचं नाव सांगत नाही. सरकारी की खासगी, महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या अलीकडचं की पलीकडचं, तेही सांगत नाही. लपवण्यासारखं त्यात काही नाही. बेळगाव, कोल्हापूर, सांगली, हुबळी, कुठल्याही कॉलेजातल्या मास्तराला ते आपलंच वाटणार, एवढी खात्री आहे.

मी मूळचा निपाणीचा, मेडिसिनचा सहयोगी प्राध्यापक. त्या रविवारपर्यंत माझ्या फायलीत प्रशिक्षणाची सतरा प्रमाणपत्रं होती. यातल्या किती प्रमाणपत्रांनी मला चांगला शिक्षक केलं असं विचाराल, तर प्रामाणिक उत्तर एक. ते मात्र खरंच चांगलं होतं. भारतीय वैद्यक परिषदेनं २००९ पासून वैद्यकीय शिक्षकांना शिकवायचं कसं ते शिकवायला घेतलं. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी त्याची प्रादेशिक केंद्रं झाली. तीन दिवसांच्या त्या कार्यशाळेत मला पहिल्यांदा कळलं की आपण बारा वर्षं प्रश्नपत्रिका काढत नव्हतो, फक्त पोरांना चकवत होतो. विद्यार्थ्याची चूक चारचौघांत न फाडता कशी सांगायची हेही तिथंच कळलं. शिकवणारे मन लावून शिकवत होते. त्यांच्यावर माझा राग नाही.

राग आहे तो पुढं जे झालं त्यावर. चांगली गोष्ट सक्तीची झाली, सक्तीची गोष्ट बढतीची अट झाली, आणि अट झाल्या क्षणी ती मेली. आता कार्यशाळेच्या खोलीत मागच्या तीन रांगा मोबाइलवर ओपीडी चालवत असतात. प्री-टेस्टला मुद्दाम दोन उत्तरं चुकवायची म्हणजे पोस्ट-टेस्टला 'प्रगती' दिसते, ही युक्ती मला एका ज्येष्ठ सरांनीच सांगितली. मग संशोधनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम. तो सगळ्यांना लागतो. रात्री अकराला इमर्जन्सीतून येऊन व्हिडिओ चालू करायचा आणि तो बोलत असताना आपण झोपायचं. सहायकाचा सहयोगी व्हायला चार वर्षं आणि दोन शोधनिबंध, सहयोगीचा प्राध्यापक व्हायला आणखी तीन वर्षं आणि आणखी दोन. निबंधात काय सापडलं हे आजवर मला एकाही मुलाखतीत कुणी विचारलं नाही. नाव पहिल्या तिघांत आहे का, एवढंच बोट लावून बघतात. मीही एका निबंधात असा तिसरा बसलोय. लिहिणारा पीजी (पदव्युत्तर विद्यार्थी), पैसे भरणारा पीजी, आणि तिसरा मी. लाज वाटते. पण तो निबंध अजून फायलीत आहे.

याला व्यावसायिक विकास म्हणायचं असेल, तर रेशनच्या रांगेला अन्नशास्त्र म्हणायला हरकत नाही.

आता विकास खरा कसा होतो ते सांगतो. त्यासाठी लांब जायला नको, बेळगाव जिल्ह्यातल्याच खेड्यांत चला. २००२ ते २००५ या काळात याच जवाहरलाल नेहरू महाविद्यालयाच्या शिक्षकांनी, अमेरिकेतले सहकारी आणि तिथला निधी सोबत घेऊन, एक साधा प्रश्न हाती घेतला. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणारी बाई प्रसूतीनंतर रक्तस्राव होऊन दगावते. तिथं डॉक्टर नाही, इंजेक्शन थंड ठेवायला फ्रिज नाही. मग आरोग्यसेविकेनं, म्हणजे एएनएम ताईनं, तोंडावाटे मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या तर? १,६२० बायकांवर तो प्रयोग झाला. गोळ्या मिळालेल्या बायकांत अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर, म्हणजे जवळपास निम्म्यावर आलं. २००६ साली 'लॅन्सेट'नं ते छापलं. २०११ साली प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत गेलं, त्यामागच्या पुराव्यांत बेळगावच्या खेड्यांतल्या त्या बायका आहेत. त्या शिक्षकांना कुणी फुगे फुगवायला लावले नव्हते. त्यांना दारातला एक प्रश्न मिळाला, पैसा मिळाला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वर्षं मिळाली.

मास्तराला वाढायला वेळ लागतो. नेमका तोच सोडून त्याला बाकी सगळं दिलं जातं.

वेळ जातो कुठं? मोजा. २०१४ च्या आधी देशात ३८७ वैद्यकीय महाविद्यालयं होती आणि एमबीबीएसच्या ५१,३४८ जागा. दहा वर्षांत कॉलेजं सातशेच्या वर गेली आणि जागा लाखाच्या वर. इमारत वर्षात उभी राहते, पलंग महिन्यात येतात. वीस वर्षं वॉर्डात घासलेला मास्तर मात्र कुठल्याच ठेकेदाराकडं मिळत नाही. मग आहे त्यालाच ताणा. सकाळी लेक्चर, मग राउंड, मग ओपीडी, मग लॉगबुकवर दीडशे सह्या, मग समिती. रॅगिंगविरोधी समिती, औषध समिती, स्वच्छता समिती, आणि आता स्वास्थ्य समिती. होय, मी स्वास्थ्य समितीचा सदस्य आहे. तिची बैठक संध्याकाळी सहाला असते.

आणि जिथं ताणूनही पुरत नाही तिथं कागदावरचे मास्तर उगवतात. २०२५ साली सीबीआयनं वैद्यकीय महाविद्यालयांच्या तपासण्यांबाबत गुन्हा नोंदवला, त्यात ३४ नावं होती. तपासणीची माहिती आधीच फोडायची, लाच द्यायची, भाड्याचे शिक्षक आणि भाड्याचे रुग्ण उभे करायचे, असे ते आरोप. कोर्टात काय ठरायचं ते ठरेल. आम्हा आतल्यांना त्यात बातमी अशी काही नव्हती. तपासणीच्या सकाळी बसमधून उतरणारे, विभाग कुठल्या मजल्यावर आहे ते शिपायाला विचारणारे 'प्राध्यापक' आम्ही डोळ्यांनी पाहिलेत आणि त्यांना चहाही पाजलाय.

या भाड्याच्या मास्तरांवर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा उपाय काय? १ मे २०२५ पासून मोबाइलवर चेहरा दाखवायचा आणि आपण आवारात आहोत हे जीपीएसनं सिद्ध करायचं. दिवसही काय निवडला! महाराष्ट्र दिन. सत्तर वर्षं आपली जागा नकाशावर कुठं आहे ते सिद्ध करत बसलेल्या सीमाभागातल्या माणसाला, कॉलेजच्या आवारात तरी आहेस का, ते आता उपग्रहाला दाखव म्हणून सांगितलं. चोर पकडायला पाहिजेत, वाद नाही. पण बोगस मास्तर पकडायला लावलेल्या जाळ्यात रोज अडकतो तो खरा. रात्री दोनपर्यंत वॉर्डात थांबलेल्याचा चेहरा सकाळी नऊला यंत्राला ओळखता येत नाही. कसा येईल? बायकोलाही येत नाही.

आता स्वास्थ्याचं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं मानसिक आरोग्यावर कृती दल नेमलं, त्याचा अहवाल २०२४ साली आला. चांगला अहवाल आहे. २५,५९० पदवीचे आणि ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थी त्याच्या पाहणीत बोलले. पदव्युत्तरांतल्या ३१ टक्क्यांनी आपल्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं. हा आकडा वाचून मी अहवाल मिटला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसलो, कारण ही आमची पोरं. निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको, एक दिवस सुट्टी हवी, असं दल म्हणतं. शंभर टक्के मान्य. याच पाहणीत ७,०३५ शिक्षकांनीही उत्तरं भरली. पण दलाचं नाव वाचा: वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचं कृती दल. आम्ही साक्षीदार म्हणून हजर. क्वचित आरोपी म्हणून. रुग्ण म्हणून नावात आम्हाला जागा नाही.

पोराचे तास कमी केले तर ते काम कोण करणार, हे कुठं लिहिलेलं नाही. ते लिहावं लागत नाही. खचलेल्या पीजीला धीर द्यायचा कुणी? मार्गदर्शकानं. त्या मार्गदर्शकाला कुणी? रविवारच्या फुगेवाल्यानं.

आणि आमच्या भागात एक जादा विषय आहे, जो कुठल्याही कार्यशाळेत नाही. मागच्या थंडीत निपाणीकडची एक म्हातारी आली. चक्कर, उलट्या, हातापायांना कंप. पीजी दिल्लीकडचा, हुशार, मराठी शून्य. सिस्टर कन्नड बोलणाऱ्या. केसपेपर इंग्रजीत. त्यानं 'चक्कर' एवढा एक शब्द उचलला, मेंदूचा स्कॅन लिहिला आणि मोकळा झाला. मी खाटेवर टेकलो आणि विचारलं, "मावशी, कामाला कुठं जातासा?"

"वखारीत की. तंबाखू चाळतोय. परवापास्नं वल्ल्या पाल्यात हाय बघ लेकरा, तंबाखू लागलीया मला."

रोगनिदान तिनंच करून आणलं होतं. तंबाखू लागणं म्हणजे ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून अंगात भिनणं. ज्या गावानं तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली छातीवर गोळ्या झेलल्या, त्या गावच्या बाईला हे ठाऊक असतं. पीजीला मी तिथंच बसवलं. आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी करतो' असं बोलतात, तेव्हा गोंधळू नकोस, इथपासून सुरुवात केली. काम विचार, पानं ओली होती का विचार, हातमोजे होते का विचार, आणि मग स्कॅनचं बघू. वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत मी जेवढा मास्तर होतो तेवढा सतरा प्रमाणपत्रांत मिळून नाही. पण ती वीस मिनिटं कुठल्याही फॉर्मच्या कुठल्याही रकान्यात बसत नाहीत.

२०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात एमबीबीएसच्या पोरांसाठी सुरुवातीच्या १७५ तासांच्या पायाभरणीत भाषा आणि संगणक यांना मिळून ४० तास ठेवले होते. पोरांना निदान तेवढे तरी. केरळहून, बिहारहून आलेल्या सहकारी शिक्षकाला, किंवा मराठी घरातून आलेल्या पण कन्नड न येणाऱ्या माझ्यासारख्याला, कुणी चार तासही दिले नाहीत. चिकोडीचा म्हातारा कन्नडात छातीत दुखतंय म्हणतो तेव्हा मीही त्या दिल्लीच्या पोरासारखाच एक शब्द उचलतो. भाषेचं राजकारण इथं दोन्ही बाजूंना सत्तर वर्षं पोटभर झालं. खाटेजवळची भाषा शिकवायला मात्र कुणाकडं दुपार नाही. १९१६ साली बेळगावात सात मास्तरांनी मिळून केएलई ही शिक्षणसंस्था उभी केली, कन्नड मुलांनी शिकावं म्हणून. मी मराठी माणूस आहे, तरी त्या सात जणांना मनापासून मानतो. कारण काढायचं काय तर शाळा, हे मास्तरांनी ठरवलं होतं. आज मास्तरानं काय ठरवायचं उरलंय? फुग्याचा रंग.

म्हणून मागतो ते एवढंच. प्रशिक्षण ठेवा, पण कामाच्या दिवशी ठेवा आणि त्या दिवशी माझ्या ओपीडीत माझ्या जागी माणूस बसवा. निबंध मागा, पण मोजू नका, वाचा. खाटेजवळ शिकवलेला तास बढतीत धरा. सहा-सात वर्षांतून एकदा चार महिने सोडा, निपाणीच्या वखारीत जाऊन बसतो, बायकांचे हात बघतो, प्रश्न घेऊन येतो. आणि माझ्या स्वास्थ्याची काळजी असेल तर रात्रीच्या ड्युटीनंतरची सकाळ मला परत द्या. श्वास कसा घ्यायचा ते मला येतं. मी तेच शिकवतो.

फुग्यांच्या त्या कार्यक्रमाच्या शेवटी अभिप्रायाचा फॉर्म आला होता. 'आपल्याला कसं वाटलं?' पर्याय तीन: चांगलं, खूप चांगलं, उत्कृष्ट. खाली 'सूचना' म्हणून बोटभर जागा. मी पेन काढलं, "रविवार परत द्या" असं लिहिलं आणि नाव घालायला गेलो. मग आठवलं, मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. खोडलं. 'उत्कृष्ट'वर खूण केली.

दोन आठवड्यांनी प्रमाणपत्र आलं. अठरावं. फायलीत लावलंय.