डॅक सेकंडहँड घ्या, पण आधी पेटी उलटी करून पाहा

मी जांब समर्थचा. भजनी मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर आणि मिक्सर दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. हल्ली टेबलावर एक नवी पेटी येऊ लागलीय, तिला डॅक म्हणतात. आपल्या गावात डॅक कुठून आला, असं वाटेल. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली पोरं आणतात. नवा भारी डॅक लाखाच्या घरात जातो, म्हणून कुणाचा तरी वापरलेला, मोबाइलवर फोटो पाहून घेतलेला. भाच्यानं असाच एक आणला होता. तो पिन खोचणार, एवढ्यात मी पेटी उलटी केली. मागच्या पट्टीवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं, एसी १०० व्होल्ट. जपानातला माल! आपल्या २३० व्होल्टवर धूरच निघाला असता. विकणाऱ्यानं आठ फोटो पाठवले होते, आठही पुढून काढलेले.

सीडीत किंवा मोबाइलमध्ये गाणं नसतं, आकडे असतात. सीडीवर डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूचे सेकंदाला ४४,१०० आकडे, आणि प्रत्येक आकडा ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. त्या आकड्यांवरून विजेचा चढउतार तयार करायचा, की तो अ‍ॅम्प्लिफायरला समजतो. एवढंच डॅकचं काम.

ते करायच्या दोन रीती आहेत. पहिली तराजूची. सोळा वजनं घ्या, प्रत्येक आधीच्याच्या निम्मं. जो आकडा येईल तेवढं वजन पारड्यात टाकायचं. पेटीत वजनांच्या जागी रेझिस्टरची शिडी असते. आता ३२,७६७ वरून ३२,७६८ वर जायचं, म्हणजे फक्त एक पायरी. पण त्यासाठी छोटी पंधराही वजनं उचलून पहिलं, सगळ्यात मोठं, ठेवावं लागतं. ते किंचित खोटं असलं की काटा हिसका देतो. आणि साध्या शिडीत ही जागा नेमकी मधोमध, शांततेच्या रेषेवर येते. त्यामुळे ढोल-ताशात काही कळत नाही, तानपुरा विरत जातो तिथं कळतं. वजनं इतकी खरी बनवणं महाग, म्हणून शिडीचे डॅक महाग.

दुसरी रीत पाण्याच्या कॉकची. कॉक सेकंदाला लाखो वेळा उघड-बंद करायचा आणि पुढं धार एकसारखी करून घ्यायची. आजच्या बहुतेक चिपा याच रीतीच्या, मोबाइलमधलीसुद्धा. स्वस्तात उत्तम काम करतात.

मग लाखभर रुपये कशाचे? बरेचसे चिपेचे नाहीतच. ठोका चुकू न देणारं घड्याळ, स्वच्छ पॉवर सप्लाय, बाहेर आवाज काढणारं सर्किट आणि जाड अ‍ॅल्युमिनियमची पेटी. पेटीचे पैसे कानाला ऐकू येत नाहीत, हे माझं मत. भारी डॅकवाले रागावतील.

म्हणून आधी घर पाहा. अर्थिंग नसेल तर लाखाच्या डॅकमधूनही घों ऐकू येऊ शकेल. स्पीकर हलके असतील तर पैसे तिकडे घाला. आणि रेकॉर्डिंगची मर्यादा डॅक ओलांडू शकत नाही. ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवर १९५५ च्या रामनवमीला सुरू झालं. त्या काळच्या फितीत जे उतरलं नाही ते आज कुठली पेटी आणणार? व्हॉट्सअ‍ॅपवर दहा जणांकडून फिरत आलेल्या अभंगाचं तर बोलूच नका. मोबाइलला लावायचं बोटाएवढं चांगलं डॅक-डोंगल पुष्कळांना पुरतं.

तरीही भारी घ्यायचाच असेल तर वापरलेलाच घ्या. भाव पडतो, चिप सहसा पडत नाही. म्हातारा होतो तो पॉवर सप्लाय. त्यातले कपॅसिटर उष्णतेनं सुकतात. दहा अंश ताप वाढला की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आपल्या पत्र्याच्या खोलीतला मे महिना तुम्हाला माहीत आहे. झाकण उघडून आतला फोटो मागा. कपॅसिटरचं डोकं सपाट हवं. डोकं फुगलेला किंवा बुडाशी चिकट डाग असलेला दिसला तर दुरुस्तीचे पैसे भावातून कापा. पाल मरून बोर्डाला चिकटलेलीही मी काढली आहे. विकणारा झाकण उघडायला तयार नसेल तर बयाणा देऊ नका.

नुसत्या नावावर जाऊ नका. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानात नोबेओकाला एकेएम कंपनीचा चिपांचा कारखाना जळाला. तिथल्या चिपा मिळेनाशा झाल्यावर काही डॅक कंपन्यांनी मॉडेलचं नाव तेच ठेवून आत दुसरी चिप घातली. म्हणून कुठल्या वर्षीचा ते विचारा. फिलिप्सच्या जुन्या टीडीए १५४१ए चिपेवर मुकुटाची खूण असली की भाव चढतो, आणि म्हणूनच बनावट मुकुटही छापले जातात.

ऐकायला गेलात तर तासभर चालू ठेवायला सांगा. गाणं बंद करून आवाज वाढवा आणि घों किंवा खरखर येते का पाहा. यूएसबी, ऑप्टिकल, कोअ‍ॅक्सियल, प्रत्येक वाटेनं जोडून बघा. यूएसबीला वेगळा ड्रायव्हर लागत असेल तर तो तुमच्या आजच्या कॉम्प्युटरवर चालतो का ते आधीच ठरवा. कित्येक उत्तम डॅक एवढ्यावर अडतात. दोन डॅक शेजारी ठेवून ऐकवले तर दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. जरा मोठा वाजणारा कानाला नेहमी गोड लागतो, आणि विकणाऱ्याला हे तुमच्याआधी माहीत असतं.

भाच्याचा डॅक आता २३० चे १०० करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर चालतो. आवाज सुरेख आहे. ट्रान्सफॉर्मर मात्र स्वतःच घों करतो, म्हणून तो पलीकडच्या खोलीत खाटेखाली ठेवलाय.