कानाची साक्ष

जुन्या रेडिओच्या मागच्या बाजूने आत डोकावून पाहिले, तर काचेच्या नळ्या मंद तांबूस उजेडात तेवताना दिसतात. याच निर्वात नलिका, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातले व्हॉल्व्ह. १९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी अशा नळीत तिसरा अग्र, म्हणजे तारेची जाळी, बसवला. त्यातूनच क्षीण विद्युत्‌संकेत मोठा करण्याची सोय झाली. १९४७ साली ट्रान्झिस्टर आला आणि पुढे व्हॉल्व्ह मागे पडला.

तरी संगीताचे काही शौकीन आजही व्हॉल्व्हचाच अँप्लिफायर घेतात. त्याचा आवाज उबदार असतो, असे ते म्हणतात. शिवाय नवा व्हॉल्व्ह शंभर तास चालवला की तो ‘मुरतो’ आणि आवाज अधिक गोड होतो, असेही सांगतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने यावर हसावे काय? माझ्या मते, हसू नये, तपासावे.

पहिल्या म्हणण्याला आधार आहे. एकाच ट्रायोडवर चालणारा अँप्लिफायर मूळ स्वरात दुप्पट कंप्रतेचा स्वर थोडासा मिसळतो. दुप्पट कंप्रता म्हणजे षड्जाला तार षड्ज! ही भेसळ कानाला खुपत नाही. उबदारपणा आहे तो असा. पण ती भेसळच आहे, हे विसरू नका.

दुसऱ्या म्हणण्याचे काय? व्हॉल्व्हच्या कॅथोडवर बेरियम व स्ट्रॉन्शियम यांच्या ऑक्साइडांचा लेप असतो. तो तापला की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. लेप कार्यक्षम करण्याचे काम कारखान्यातच होते. त्यानंतरही पहिल्या काही तासांत नळीचे गुणधर्म थोडे सरकू शकतात. पण सरकणे म्हणजे गोड होणे नव्हे.

माझीच फजिती सांगतो. मी घरी नवा ईसीसी ८३ व्हॉल्व्ह बसवला. पहिल्या दिवशी आवाज कर्कश वाटला, तीन आठवड्यांनी गोड. ‘मुरला!’ असे मी ठरवून टाकले. मग तशाच जातीचा, मुळीच न वापरलेला व्हॉल्व्ह लावून पाहिला, तर तोही पहिल्या मिनिटापासून गोड! मुरला होता तो बहुधा माझा कान.

मग खरी परीक्षा कशी घ्यावी? ऐकणाऱ्याला कोणता व्हॉल्व्ह लावला आहे हे कळू देऊ नये. दोन्ही वेळा आवाजाची पातळी व्होल्टमीटरने सारखी करावी, कारण किंचित मोठा आवाजही सरस वाटतो. दहा वेळा ओळखायला सांगावे. सात उत्तरे बरोबर आली म्हणून नाचू नये. नुसत्या अंदाजानेही सात किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते. नऊ किंवा अधिक येण्याची मात्र जेमतेम १ टक्का.

व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला तुम्ही स्वतः हात लावू नका. आत अडीचशे-तीनशे व्होल्ट असतात, आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युत्‌भार उरतो. हीच परीक्षा वर्गात माठाच्या आणि नळाच्या पाण्यावर घ्या. तापमान तेवढे सारखे ठेवा.

आपला कान खोटारडा नाही. पण साक्षीदार कितीही भला असला, तरी त्याची उलटतपासणी घ्यावीच लागते.