बल्ब का पेटला नाही?

गेल्या महिन्यात बारावीच्या वर्गात माझी चांगलीच फजिती झाली. आधी तीच सांगते.

धारित्र शिकवत होते. पंख्याच्या बाबतीत आपण ज्याला कंडेन्सर म्हणतो, तेच हे. फळ्यावर दोन समांतर रेघा काढल्या आणि सांगितलं, या पट्ट्या एकमेकींना टेकत नाहीत, मधून काही जात नाही. मुलांचा प्रश्न ठरलेला असतो: मग परिपथात धारा वाहते कशी? इतकी वर्षं मी त्याचं उत्तर तोंडी देत आले. मुलं मान डोलावतात आणि पेपरात लिहितात, 'धारा धारित्रातून आरपार जाते.'

म्हणून यंदा संगणक लावला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते कार्ल वायमन यांनी 2002 मध्ये 'फेट' हा उपक्रम सुरू केला. त्यातली सिम्युलेशन्स फुकट मिळतात आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवायही चालतात. पडद्यावर बॅटरी, बल्ब आणि धारित्र जोडलं, कळ दाबली. बल्ब लख्ख पेटला आणि हळूहळू मंदावत विझला. निळे इलेक्ट्रॉन एका पट्टीवर येऊन थांबतात, दुसऱ्या पट्टीवरून तेवढेच निघून जातात, मधली फट कोणीच ओलांडत नाही. उर्दू माध्यमातून आलेली एक मुलगी पटकन म्हणाली, "मॅडम, एक पट्टी मनफी, दुसरी मुसबत. जागा भरली की गर्दी थांबली." मला इतकं सोपं कधी सांगता आलं नव्हतं.

मग मी टेबलावर खरं सामान मांडलं. 9 व्होल्टची बॅटरी, छोटा बल्ब, 1000 मायक्रोफॅरडचं धारित्र. कळ दाबली. काहीच नाही. पुन्हा दाबली, तरी बल्ब ढिम्म. मागच्या बाकावरून आवाज आला, "कॉम्प्युटरमध्ये सगळं खोटं असतं." वर्ग हसला. तास तिथेच संपला म्हणून बरं.

घरी भाकरी थापताना लक्षात आलं. चूक पडद्याची नव्हती, माझी होती. रोध आणि धारिता यांचा गुणाकार केला की भरण्याला लागणाऱ्या वेळेचं माप मिळतं. तेवढ्या वेळात धारित्र सुमारे 63 टक्के भरतं आणि पाचपट वेळात जवळजवळ पूर्ण. बल्बचा रोध 10 ओहम धरला तर 1000 मायक्रोफॅरडला हे माप येतं सेकंदाचा शंभरावा भाग. एवढ्यात बल्बची तार तापणार कधी आणि आपल्याला दिसणार काय? पडद्यावरच्या धारित्राची धारिता कितीतरी पट मोठी ठेवलेली असते, म्हणून तिथे सगळं निवांत घडतं. हे मी मुलांना आधी सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बल्ब काढला, 10 किलोओहमचा रोध लावला. आता माप 10 सेकंद. एकाने घड्याळ धरलं, त्या मुलीने मल्टिमीटर. हिशेबाने दहाव्या सेकंदाला 5.7 आणि विसाव्याला 7.8 व्होल्ट यायला हवे होते. तिच्या वहीत आले 5.2 आणि 7.4. पुन्हा कुरबुर सुरू झाली. या जातीच्या धारित्रावर छापलेला आकडा 20 टक्के इकडेतिकडे असू शकतो, हे कोणत्याही सिम्युलेशनने त्यांना सांगितलं नव्हतं. आकडे थोडे कमी आले तरी आलेखाचं वळण तेच होतं: सुरुवातीला झरझर चढणारं, मग रेंगाळणारं. धारा सगळ्यात जास्त पहिल्या क्षणी असते, हे आता कोणाला पाठ करावं लागलं नाही.

मोबाइल दिला की मूल वाया गेलं, असं मानणाऱ्या अम्मींना एवढंच सांगेन की ही अर्ध्या तासाची गोष्ट आहे, आणि शेजारी बसून बघा, तुम्हालाही गंमत वाटेल. मात्र पडद्यावर पाहिलं म्हणून घरातला पंखा किंवा मायक्रोवेव्ह उघडू देऊ नका. वीज बंद केली तरी धारित्रात प्रभार शिल्लक राहू शकतो, आणि मायक्रोवेव्हमधला तर जीवघेणा असतो. तसंच आमच्या टेबलावरच्या जातीचं धारित्र उलटं जोडलं तर तापून फुटू शकतं.

परवा ती मुलगी पंख्याचा जुना कंडेन्सर पिशवीत घालून घेऊन आली. पंखा हळू फिरत होता म्हणून मेकॅनिकने तो बदलला होता. वर लिहिलं होतं 2.5 मायक्रोफॅरड. "मॅडम, अब्बा म्हणतात कंडेन्सर कमजोर झाला. कमजोर म्हणजे धारिता कमी झाली ना? मोजून बघू या?"

आमच्या मल्टिमीटरवर धारिता मोजायची सोय नाही. आता तसा मीटर कुणाकडून तरी मागून आणायचा आहे.