थुंकींतील कुलवृत्तांत

आमच्याकडे कुलवृत्तांत लिहिण्याची हौस जुनी आहे. मूळ पुरुष कोण, तो कोठून आला, त्याचें गोत्र कोणतें, त्याला वतन कोणीं दिलें, याचा शोध करतां करतां कित्येक सद्गृहस्थांनीं आयुष्यें वेंचलीं आणि पदरच्या पैशानें जाडजूड ग्रंथ छापले. त्या उद्योगांत निदान जुनीं दप्तरें हुडकावीं लागत, क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या चाळाव्या लागत. आतां तेवढेही श्रम उरले नाहींत. नळींत थोडी थुंकी घालून ती पाठविली व ठरलेली दक्षिणा भरली, कीं कांहीं आठवड्यांनीं अक्षरें व अंक यांची एक मुद्रा घरीं येते: तुमचा पितृवंश अमुक, तुमचे पूर्वज अमुक हजार वर्षांपूर्वीं अमुक पठारावर होते. ती हातीं पडतांच कोणी आर्यांचा थेट वारस होतो, कोणी या भूमीचा मूळ मालक होतो. आणि जो वाद कालपर्यंत पोथ्यांच्या आधारें चालला होता, तो 'शास्त्रानें सिद्ध झालें आहे' या एका वाक्यानें मिटल्याचें जाहीर होतें.

आमचें भांडण शास्त्राशीं नाहीं. शास्त्राच्या नांवानें जी खोटी साक्ष दिली जाते, तिच्याशीं आहे. म्हणून शास्त्र काय म्हणतें तें आधीं पाहूं.

पुरुषाच्या शरीरांतील पेशींत वाय नांवाचें एक गुणसूत्र असतें. तें बापाकडून मुलाकडे येतें, आणि त्याचा बहुतेक भाग आईकडील गुणसूत्राशीं सरमिसळ न होतां जसाच्या तसा उतरतो. सुमारें सहा कोटी वीस लक्ष अक्षरांच्या या पोथीची नक्कल होतांना क्वचित् एखादें अक्षर चुकतें, व ती चूक पुढच्या नकलांत कायम राहते. भांडारकर संस्थेंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करणाऱ्या पंडितांनीं समान पाठांवरून व समान चुकांवरून हस्तलिखितांचीं कुळें लावलीं. त्याच रीतीनें या समान चुकांवरून पुरुषांच्या शाखा-उपशाखा लावतां येतात. ही पद्धति निर्दोष आहे, आणि हौशी लोकांचेंही तिच्यावर ऋण आहे. २०१३ सालीं अमेरिकेंतील एका आफ्रिकी वंशाच्या कुटुंबानें हौसेनें पाठविलेल्या नमुन्यांत पूर्वीं कधींच न आढळलेली शाखा सांपडली, आणि जगांतील सर्व पुरुषांच्या सामायिक पूर्वजाचा काळ एकदम मागें ढकलावा लागला. असल्या जिज्ञासेला कोण नांवें ठेवील?

परंतु वाचकांनीं एक साधा हिशोब करावा. आपणांस दोन आईबाप, चार आजे-आज्या, आठ पणजे-पणज्या. दहा पिढ्या मागें गेलें कीं हीं स्थानें १०२४ होतात. वीस पिढ्यांत दहा लक्षांच्या वर जातात. एकच माणूस अनेक स्थानीं येत असल्यामुळें माणसें कमी भरतील, पण हजारांच्या खालीं खास येणार नाहींत. या सर्व दाटींतून वाय गुणसूत्र बोलतें तें केवळ एका पुरुषाविषयीं: बापाच्या बापाच्या बापाविषयीं. आईचा बाप त्यांत नाहीं, बापाच्या आईचा बाप नाहीं, आणि स्त्री तर एकही नाहीं. हजारांतील एकाची जबानी घेऊन तिला 'माझा वंश' म्हणणें म्हणजे गांवच्या एका घराचा उतारा दाखवून सगळ्या शिवारावर हक्क सांगणें होय.

बरें, तो एक धागा तरी कागदावरच्या वंशावळीशीं जुळतो काय? इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ सालीं लेस्टर शहरांत वाहनें उभीं करण्याच्या जागेखालीं सांपडला. त्याच्या घराण्याची वंशावळ सरदार-उमरावांच्या दप्तरीं जपलेली होती. त्या वंशावळीप्रमाणें एकाच पुरुषपरंपरेंतले ठरणारे पांच हयात पुरुष तपासले, आणि त्यांतल्या एकाचेंही पितृसूत्र राजाच्या सूत्राशीं जुळलें नाहीं. इतकेंच नव्हे, तर पांचांतील एकाचें इतर चौघांशींही जुळलें नाहीं. २०१४ सालीं हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. मग राजाची ओळख पटण्यास रक्ताची साक्ष कोणाची मिळाली? त्याच्या बहिणीकडून, लेकीच्या लेकींतून उतरलेल्या स्त्रीवंशाची! ज्या वंशावळींत बापांचीं नांवें ठळक होतीं ती फसली. आणि ज्या धाग्याची कोणाला पर्वा नव्हती तो पांचशें वर्षें टिकला.

दुसरें उदाहरण अमेरिकेचा अध्यक्ष टॉमस जेफर्सन याचें. त्याची गुलाम सॅली हेमिंग्ज हिची मुलें त्याचींच, हा प्रवाद जुना होता. जेफर्सनला औरस पुत्रसंतति उरली नव्हती. म्हणून १९९८ सालीं त्याच्या चुलत्याच्या पुरुषवंशजांचें सूत्र सॅलीचा मुलगा एस्टन याच्या वंशजाच्या सूत्राशीं ताडून पाहिलें, आणि तें जुळलें. पण तेंच सूत्र जेफर्सनच्या भावाच्या व पुतण्यांच्याही अंगीं होतें. बाप त्या घराण्यांतला एवढेंच गुणसूत्रानें सांगितलें. तो टॉमसच, असें बहुतेक इतिहासकार मानतात तें जन्मतिथी, जेफर्सनच्या मुक्कामांच्या नोंदी व सॅलीच्या दुसऱ्या मुलाची जबानी यांच्या आधारें. थुंकीला कागदाचा टेकू लागतो, तो असा.

आतां घरच्या वादाकडे वळूं. आर-१-ए नांवाची एक पितृशाखा हिंदुस्थानांत आहे. उत्तरेकडील व ब्राह्मण म्हणविणाऱ्या जातींत तिचें प्रमाण बरेंच आहे. तिच्यावरून तीन पक्ष पडले आहेत. एक तिला आर्यत्वाचें पदक म्हणून छातीवर मिरवितो. दुसरा तीच मुद्रा शेजाऱ्याच्या कपाळीं मारून त्याला परका ठरवितो. तिसरा म्हणतो, बाहेरून कोणी आलेंच नाहीं. आमच्या मतें तिघेही एकाच खोडीचे धनी आहेत: बापाचा बाप कोठून आला यावर मनुष्याचा मान व हक्क ठरतो, हें तिघांनाही मनांतून मान्य आहे.

तिसऱ्या पक्षाला प्रथम उत्तर देतों. २०१९ सालीं पांचशेंवर प्राचीन माणसांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें इसवी सनापूर्वीं २००० ते १५०० या काळांत गवताळ मैदानी प्रदेशांतील पशुपालांचें रक्त या देशांत मिसळलें. त्याच वेळीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे व त्यांचे सहकारी यांनीं राखीगढीच्या अस्थींवरील निबंध प्रसिद्ध केला. एकसष्ट नमुन्यांपैकीं वाचतां येण्याजोगा निघाला तो एकच, आणि त्यांत तें मैदानी रक्त नव्हतें. यावर केवढा जयघोष झाला! पण ती व्यक्ति हडप्पा संस्कृतीच्या भरभराटीच्या काळांतली, म्हणजे त्या स्थलांतराच्या आधींची. तिच्यांत तें रक्त नसावें हेंच अपेक्षित होतें. आणि राखीगढीची ती एकुलती साक्षीदार होती स्त्री. तिच्या शरीरांत वाय गुणसूत्रच नव्हतें. पितृवंशाच्या अभिमान्यांनीं जिला आपल्या बाजूनें उभें केलें, तिला पितृवंशाविषयीं बोलण्यास निसर्गानें तोंडच दिलें नव्हतें.

पदक मिरविणारांची गतही याहून बरी नाहीं. आर-१-ए ही शाखा पोलंडांत विपुल आहे, किरगीझ लोकांत विपुल आहे; आणि किरगीझांची भाषा तुर्की कुळांतली. ती आंध्र-तेलंगणांतील चेंचू या वनवासी लोकांतही आढळली आहे. मग पदक चेंचूंनाही द्यावयाचें कीं नाहीं? शिवाय त्या २०१९ च्या अभ्यासांतच असें दिसलें, कीं स्वात खोऱ्यांतील प्राचीन लोकांत मैदानी रक्त शिरलें तें मुख्यत्वें स्त्रियांच्या द्वारें. पितृसूत्र मात्र बहुतेक स्थानिकच राहिलें. केवळ बापांची मोजदाद करणाराला त्या खोऱ्यांत कोणी आल्याचा पत्ताच लागला नसता! आणि जे शेजाऱ्याला परका ठरवितात, त्यांनीं २०१३ चें संशोधन वाचावें: सुमारें ४२०० ते १९०० वर्षांपूर्वींच्या काळांत या देशांतील जवळजवळ सर्व समाज एकमेकांत मिसळले, आणि जातींच्या भिंती मागाहून चढल्या. निर्भेळ घर कोणाचेंच नाहीं. तेव्हां बाहेर काढावयाचें कोणी कोणास?

आपल्या कोंकणांतील बेने इस्रायल लोकांचेंच पाहा. नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वांचलेल्या सात जोडप्यांपासून आपण झालों, अशी त्यांची परंपरा. तेलाचे घाणे चालवून शनिवार पाळीत, म्हणून आपण त्यांना शनवार तेली म्हणत आलों. २०१६ सालीं त्यांच्या रक्ताचा अभ्यास झाला. त्यांत यहुदी व हिंदी असे दोन्ही वांटे भरपूर निघाले, आणि यहुदी वांटा पुरुषांकडून अधिक, तर येथला वांटा स्त्रियांकडून अधिक, असें दिसलें. आतां बापाची रेघ ओढणारा म्हणेल, हे परदेशी. आईची ओढणारा म्हणेल, हे येथलेच. त्यांच्या स्वतःच्या धर्मशास्त्रांत तर यहुदीपण आईवरून ठरतें. इस्रायलांत त्यांच्या विवाहांविषयीं धर्मगुरूंनीं शंका काढल्या, तेव्हां ते सर्वार्थानें यहुदी आहेत असें १९६४ सालीं तेथील संसदेला सांगावें लागलें. शेंकडों वर्षें शब्बाथ पाळणारे, मुलांची सुंता करणारे, घरांत मराठी बोलणारे हे लोक कोण आहेत, हें ठरविण्याचा अधिकार त्या दिवशीं एखाद्या नळीच्या हातीं असता, तर काय अनर्थ झाला असता याचा विचार करावा.

गंमत अशी कीं, ज्या परंपरेच्या नांवानें हा पितृवंशाचा पोवाडा गाइला जातो, ती परंपरा इतकी आंधळी कधींच नव्हती. मनूनें बारा प्रकारचे पुत्र सांगितले. औरस हा त्यांतला एक. दत्तक गेलेल्या मुलाचें गोत्र बदलतें. गुणसूत्र बदलत नाहीं. विचित्रवीर्य निपुत्रिक वारला, व्यासापासून धृतराष्ट्र-पंडु झाले. व्यास पराशराचा पुत्र. म्हणजे शंतनूच्या संततींत त्याचें पितृसूत्र उरलें तें एकट्या भीष्माच्या अंगीं, आणि तो ब्रह्मचारी. पांडव तर पंडूचेही नव्हत. तरी त्यांना कुरुवंशी म्हणण्यास व्यासांची लेखणी अडखळली नाहीं. फार लांब कशाला, राजर्षि शाहू जन्मानें कागलचे घाटगे. १८८४ सालीं ते कोल्हापुरास दत्तक आले. छत्रपतीच्या गादीचा धर्म त्यांच्याइतका कोणीं ओळखला? ज्यांनीं त्यांना वेदोक्ताचा अधिकार नाकारला त्यांच्याजवळही वंशाचींच प्रमाणें होतीं. आज इतिहास त्या प्रमाणांची किंमत काय करतो तें सर्वांस ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, ही निरुपद्रवी करमणूक आहे, तिच्यावर एवढा राग कां? करमणूक असेल तोंवर राग नाहीं. ज्या अनाथ मुलाला आपले आप्त शोधावयाचे आहेत त्याला ही नळी वरदान आहे; मानवजातीच्या प्रवासाचा नकाशा काढणाऱ्या शास्त्रज्ञाला ती अनमोल आहे. पण लग्न जुळवितांना, जातीच्या मेळाव्यांत, आणि कोण येथला व कोण उपरा हें ठरवितांना ती पुढें येऊं लागली, म्हणजे ती करमणूक राहत नाहीं. जन्मावरून माणसाची प्रत लावण्याची जी रीत मोडावयास पिढ्यान् पिढ्या खपल्या, तीच प्रयोगशाळेचा डगला घालून मागच्या दारानें घरांत शिरते.

ज्यांना पूर्वजांचें खरेंच अगत्य आहे, त्यांना आमची एक सूचना आहे. थुंकी पाठविण्यापूर्वीं आईच्या आईचें माहेरचें नांव, तिच्या आईचें गांव, एवढें तरी लिहून ठेवावें. आमच्या कुलवृत्तांतांत लेकी लग्नानंतर नाहींशा होतात, आणि सुना सासरच्या बदललेल्या नांवानें उगवतात. निम्मे पूर्वज असे कागदावरूनच पुसले गेले आहेत. घरांतली एखादी म्हातारी अजून तीं नांवें सांगूं शकते. तिला विचारावयास दक्षिणा पडत नाहीं. आणि ती गेल्यावर तीं नांवें कोणत्याही नळींतून परत मिळणार नाहींत.