वेरूळ मंगळवारी बंद!



पोराच्या हाती मोबाइल दिसला की आपला आवाज चढतो. माझाही चढतो. पण परवा सातवीतल्या पुतणीच्या वर्गाचे काम पाहिले आणि गप्प बसलो. वेरूळच्या सहलीआधी मुलांनी स्वतःची वेबसाइट तयार केली होती. गूगल साइट्सवर ती फुकट होते. खाते गुरुजींचे वापरले.

एका गटाने लेण्यांची मांडणी लिहिली : एकूण ३४, पैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. दुसऱ्याकडे १६ क्रमांकाचे कैलास लेणे. ते कळसाकडून खाली कोरत आणले, हे दाखवायला पोरांनी मातीचा गोळा वरून कोरला आणि त्याचे फोटो लावले. बाभळीच्या काट्याने कोरला म्हणे!

वेळापत्रकाच्या पानावर मात्र गोम निघाली. सहल ठरली होती मंगळवारी, आणि वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. गाडीसुद्धा सांगून झाली होती. दिवस बदलला. १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिथे तिकीट लागत नाही, हेही त्यांनीच शोधले. तेवढी वर्गणी कमी झाली.

तुमच्या घरी असे काम आले तर शेजारी बसा. मजकूर नुसता उतरवलाय का, दोन प्रश्न विचारले की कळते. घरचा फोन नंबर, पत्ता तेवढा पानावर टाकू देऊ नका.

पुढच्या खेपेला हरभऱ्यावरची घाटेअळी.